‘नीड नॉट’ आणि आमचें ‘नको’

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या धाकट्या चिरंजीवांचें लग्न झालें. सूनबाई लंडनांत वाढलेली. मराठी तिला समजतें, पण बोलतांना अडतें. लग्नानंतर महिनाभर दोघेंही आमच्या एकत्र कुटुंबांत राहावयास आलीं. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं आमच्या सौभाग्यवतींनीं मोठ्या कौतुकानें तिला इंग्रजींत सांगितलें, ‘यू मस्ट नॉट कम इन द किचन.’ पोर प्रवासानें दमली आहे, तिला इतक्यांत स्वयंपाकघरांत यावयास नको, हा त्यांतला भाव. मुलगी ऐकून जी खोलींत गेली ती पुढें चार दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं फिरकली नाहीं. घरांत कुजबूज सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, ‘पाण्याचा तांब्यासुद्धां मागून घेते!’ पांचव्या दिवशीं चिरंजीवांनीं आम्हांस एकीकडे नेऊन खालच्या आवाजांत विचारलें, ‘बाबा, हिच्या हातचें आईला चालत नाहीं कां?’

चूक सौभाग्यवतींची नव्हे, आमची. त्यांस लग्नानंतर इंग्रजी शिकविलें तें आम्हीं. आणि ‘मस्ट म्हणजे पाहिजे, सबब मस्ट नॉट म्हणजे नको’ हें समीकरण ३६ वर्षें फळ्यावर लिहिलें तेंही आम्हींच.

वास्तविक आपलें ‘नको’ या बाबतींत चोख आहे. ‘यावयास नको’ म्हणजे येण्याची गरज नाहीं. ‘येऊं नको’ म्हणजे येण्यास मनाई. ‘नको’ तेंच; भेद दाखवितें तें त्याच्या आधींचें क्रियारूप. इंग्रजींत मुख्य क्रियापद तसेंच राहतें आणि सहायक क्रियापद पालटतें. गरज नसेल तेथें ‘नीड नॉट’, मनाई असेल तेथें ‘मस्ट नॉट’. पहिल्यांतलें ‘नॉट’ गरजेला लागतें: येणें अवश्य नाहीं. दुसऱ्यांतलें येण्याला लागतें: न येणें अवश्य आहे. ‘न’ कोणत्या पदाशीं जोडावा याचा पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध या नांवांनीं मीमांसकांनीं केवढा खल केला आहे! तो वाचलेल्या मनुष्यानें ही चूक जन्मभर शिकवावी, याची आम्हांस खरोखर लाज वाटली.

‘नीड’ हें क्रियापद दुहेरी आहे. सहायक म्हणून आलें कीं त्यास ‘टु’ही नको आणि तृतीय पुरुषाचा ‘स’ही नको: ‘ही नीड नॉट गो.’ स्वतंत्र क्रियापद म्हणून आलें कीं दोन्ही हवेत: ‘ही नीड्ज टु गो.’ आमचे विद्यार्थी या दोहोंची खिचडी करीत. हल्लीं पहिला प्रकार, विशेषतः अमेरिकेंत, विरळा झाला आहे. ‘डझन्ट नीड टु’, ‘डझन्ट हॅव टु’ हेंच अधिक कानीं पडतें. कचेरीच्या पत्रांत ‘रिक्वायर’ शोभतें, पण घरांत कोणी तें बोलूं लागल्यास हंसूं येईल.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ यांत मात्र आपली मराठी तोलास तोल देते. ‘आजीला भेटावयास गेलें पाहिजे’ यांत मनाचा कौल आहे. ‘कचेरींत जावें लागतें’ यांत बाहेरची सक्ति. हाच भेद त्या दोन शब्दांत साधारणतः असतो. गंमत अशी कीं ‘मस्ट’ हें मुळांत एका जुन्या क्रियापदाचें भूतकाळी रूप. तें वर्तमानांत रुळलें आणि भूतकाळास पारखें झालें. म्हणून काल जावें लागलें तर ‘हॅड टु’ म्हणावें लागतें. ‘ऑट’ हें तर ‘ओ’ म्हणजे देणें लागणें याचें जुनें भूतकाळी रूप आहे. ज्यांच्या घरीं देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण हे शब्द लहानपणापासून कानांवर पडतात, त्यांस कर्तव्य म्हणजे ऋण ही कल्पना परकी वाटावयास नको.

आणि आपलें ‘पाहिजे’? तें ‘पाहणें’चें जुनें कर्मणि रूप. म्हणून तें माणसाप्रमाणें न चालतां वस्तूप्रमाणें चालतें: मला पुस्तक पाहिजे, पुस्तकें पाहिजेत. लाडवाची हौस आणि औषधाची निकड, दोन्ही त्या एकाच शब्दांत मावतात. इंग्रज हौसेला ‘वाँट’ म्हणतो आणि निकडीला ‘नीड’. जर्मन भाषेंत या ‘नीड’चा सख्खा भाऊ ‘नोट’ हा संकट या अर्थीं आजही वावरतो.

भूतकाळांत मात्र आपलें ‘नको’ही गडबडतें. ‘जावयास नको होतें’ यांत गेलों ही चूक झाली, कीं नुसती फुकट खेप पडली, हें उघड होत नाहीं. इंग्रजींत पहिल्यास ‘शुड नॉट हॅव गॉन’, दुसऱ्यास ‘नीड नॉट हॅव गॉन’. जावेंच लागलें नाहीं आणि गेलोंही नाहीं, तर साधारणतः ‘डिड नॉट नीड टु गो’.

त्या सायंकाळीं आम्हीं दोघींना समोर बसवून फळ्यावांचून हा धडा दिला. सूनबाईचे डोळे भरून आले. सौभाग्यवती कांहीं न बोलतां उठल्या, तिला हात धरून स्वयंपाकघरांत नेलें, पाटावर बसविलें आणि मेथीची जुडी पुढें सारली. मेथी निवडण्यास रात्रीचे आठ वाजले. जेवणें उशिरां झालीं, पण वहिनीसुद्धां कुरकुरल्या नाहींत.

परवां लंडनला फोन लावला असतां सौभाग्यवती म्हणाल्या, ‘एवढ्या थंडींत पहांटे उठूं नको, बाळ.’ पलीकडून क्षणभर शब्द नाहीं. मग विचारणा झाली, ‘आई, उठूं नको, कीं उठायला नको?’