तरुणांच्या कार्यासाठीं सरकारी अनुदान : अर्ज कसा करावा

गांवोगांवच्या तरुण मंडळांकडून आमच्याकडे वारंवार एकच प्रश्न येतो. कोणास तालीम बांधावयाची असते, कोणास खेळाचें मैदान सपाट करावयाचें असतें, कोणास पंपदुरुस्तीचा वर्ग चालवावयाचा असतो. अशा कार्यास सरकार अनुदान देतें असें ऐकतों, तें मिळवावें कसें? या प्रश्नामागें बहुधा असाहि समज असतो कीं, वशिल्यावांचून हें काम होत नाहीं. आमचें उभें आयुष्य महसुली कचेरींत कागद हाताळण्यांत गेलें. त्या अनुभवावरून आम्ही सांगतों कीं, वशिल्याअभावीं बुडालेल्या अर्जांपेक्षां कागदाअभावीं बुडालेले अर्ज पुष्कळ अधिक असतात. आणि या कागदांपैकीं सर्वांत अडणारा कागद जागेचा असून तो आपल्या, म्हणजे जमीनधारकांच्या, घरांतूनच निघावयाचा असतो. सबब हा विषय तरुणांइतकाच वडील मंडळींचाहि आहे.

प्रथम आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतों. एका गांवच्या तालमीसाठीं तेथील एका वृद्ध शेतकऱ्यानें गांवठाणालगतची जागा तोंडी देऊन टाकिली होती. मुलांनीं अंगमेहनत करून तेथें हौदा खणला, वर पत्रे घातले. पुढें अनुदानाचा अर्ज करावयाचें ठरलें, तेव्हां तीं मुलें जागेच्या कागदासाठीं आमच्या कचेरींत आलीं. सातबारा पाहतां जागा त्या वृद्धाच्याच नांवें होती, आणि तो वारून दोन वर्षें झालीं होतीं. आम्हीं कागदावर शेरा मारिला : "खातेदार मयत, वारस नोंद नाहीं." कागद परत दिला. वारसांनीं वर्दी कोठें द्यावी, तीस किती दिवस लागतात, पुढें कोणता दस्त करावा लागतो, यांपैकीं एक अक्षरहि आम्हीं बोललों नाहीं. मुलें समजलीं कीं अर्ज नामंजूर झाला. खरी हकीकत त्यांस कळली तों फाल्गुन संपत आला होता, आणि ३१ मार्च निघून गेला. दुसऱ्या वर्षीं मंडळच उरलें नाहीं. मुलें पोटामागें पांगलीं. त्या जागेवर आज कडब्याची गंजी उभी आहे. आम्हीं नियम मोडला नव्हता, परंतु चार वाक्यें बोललों असतों तर ती तालीम कदाचित् राहिली असती. तीं वाक्यें उशिरा कां होईना, येथें लिहीत आहों.

अनुदान म्हणजे काय

अनुदान हें बक्षीस नव्हे व कर्जहि नव्हे. आपल्या देशांत ही पद्धति प्रथम शिक्षणाच्या कामीं १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्यानें रूढ झाली. लोकांनीं स्वतः कार्य उभें करावें आणि सरकारनें त्यास हातभार लावावा, हें तिचें तत्त्व होतें. आजहि अर्ज वाचणारा अधिकारी तेंच पाहतो. यांचें कार्य खरोखर चालू आहे काय, आणि दिलेला पैसा त्याच कार्यास लागेल काय? अर्जांतील प्रत्येक कागद या दोन प्रश्नांपैकीं एकाचें उत्तर असतो. इतकें ध्यानांत आलें म्हणजे कागदांची यादी पाहून गांगरून जाण्याचें कारण राहत नाहीं.

अर्ज कोठें करावा

महाराष्ट्रांत तालीम अथवा व्यायामशाळा, क्रीडांगण व युवक कल्याण यांच्या योजना क्रीडा व युवक सेवा खात्याकडे असून त्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरींत करावी. केंद्र सरकारच्या योजना युवक कार्य व क्रीडा मंत्रालयाकडून चालतात. रकमेची मर्यादा व पात्रतेच्या अटी शासननिर्णयागणिक बदलतात, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जातां चालू निर्णयाची प्रत मिळवून ती सबंध वाचावी. 'तरुण' या शब्दाचा अर्थहि पहावा. केंद्राच्या २०१४ च्या धोरणांत तो १५ ते २९ वर्षांचा आहे, तर राज्याच्या २०१२ च्या धोरणांत १३ ते ३५ वर्षांचा. एका योजनेंत बसणारा मुलगा दुसरींत बसेलच असें नाहीं.

संस्थेचे कागद

नुसत्या मंडळास अनुदान मिळत नाहीं, मंडळ नोंदलेलें पाहिजे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीं निदान सात सभासद लागतात. आपल्या राज्यांत त्याबरोबरच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालींहि नोंद होते. तीं दोन्ही कामें धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यांतील कचेरींत होतात. येथें एक चूक सर्रास आढळते. अध्यक्ष बदलतो, चिटणीस नोकरीनिमित्त परगांवीं जातो, नवीन मंडळी सभेंत निवडली जाते, परंतु त्याची खबर धर्मादाय कचेरीस कोणी देत नाहीं. असा फेरबदल झाल्यापासून ९० दिवसांचे आंत कळवावा लागतो. तो न कळविल्यास अर्जावर सही करणारा इसम कागदोपत्रीं संस्थेचा कोणीच नसतो.

यासोबत संस्थेची घटना, सभेच्या ठरावाची नक्कल, संस्थेच्या नांवाचें बँकेचें खातें व मागील वर्षांचे लेखापरीक्षकानें तपासलेले हिशेब लागतात. हे हिशेब बहुधा तीन वर्षांचे मागतात, म्हणून आज नोंदलेल्या मंडळानें उद्यां मोठ्या रकमेची आशा धरूं नये. केंद्राकडे अर्ज करावयाचा असल्यास नीति आयोगाच्या 'दर्पण' या संकेतस्थळावर संस्थेची नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. नवीन मंडळास ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करण्याचा मार्ग खुला आहे काय, हें योजनेच्या निर्णयांत अवश्य पहावें. तो असल्यास पुष्कळ दगदग वांचते.

जागेचे कागद

बांधकामाचें अनुदान असेल तर जागेचा प्रश्न पहिला. आपल्याकडे शब्दाला मोल आहे, आणि वडिलांनीं दिलेली जागा मुलें सहसा मागें घेत नाहींत, हें खरें. परंतु सरकारी पैसा शब्दावर उभा राहत नाहीं. स्थावराचें बक्षीसपत्र नोंदलेलेंच असावें लागतें. भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असल्यास तोहि नोंदावा लागतो. दोन रुपयांच्या कागदावरील संमतीपत्र या कामीं निरुपयोगी आहे.

मूळ खातेदार मयत असल्यास आधीं वारस नोंद करावी. वारसा प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांचे आंत तलाठ्यास वर्दी द्यावी, असा जमीन महसूल अधिनियमाचा नियम आहे. वर्दीनंतर फेरफार लिहिला जातो, हरकतीसाठीं पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितो. म्हणजे कोणी हरकत न घेतली तरी महिनाभर सहज जातो. हरकत आली तर किती काळ जाईल याचा नेम नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शेतजमिनीचे दोनचार गुंठे तोडून संस्थेस देतां येतीलच असें समजूं नये. १९४७ च्या तुकडेबंदी अधिनियमाचा अडथळा येऊं शकतो. शिवाय संस्था शेतकरी नसल्यामुळें कुळवहिवाट अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालीं जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून गांवठाणांतील, शाळेची अथवा ग्रामपंचायतीची जागा मिळत असेल तर ती आधीं पहावी. आणि शेतांतीलच जागा द्यावयाची असेल तर हौदा खणण्यापूर्वीं तहसील कचेरींत विचारून घ्यावें.

खर्चाचा अंदाज

अर्जांत "प्रशिक्षणाचा खर्च ४०,००० रुपये" असें एका ओळींत लिहूं नये. असा आकडा वाचणाऱ्यास वाऱ्यावरचा वाटतो. दृष्टांतादाखल ३० मुलांचा १० दिवसांचा पंपदुरुस्तीचा वर्ग घेऊं. दर मुलामागें दररोज ३० रुपये याप्रमाणें चहा व अल्पोपहार ९,००० रुपये. शिक्षकाचें मानधन दररोज १,५०० प्रमाणें १५,००० रुपये. तार, बेअरिंग, हत्यारें वगैरे साहित्य १२,००० रुपये. एकूण ३६,००० रुपये. पैकीं सभासदांची वर्गणी ६,००० रुपये, सोसायटीचें गोदाम विनामूल्य, आणि मागणी ३०,००० रुपयांची. असा अंदाज वाचतांच कार्य डोळ्यांपुढें उभें राहतें. वर्ग कां हवा, तेंहि दोन ओळींत लिहावें. गांवांत किती पंप आहेत, बिघडल्यास कारागीर किती कोसांवरून येतो, आणि तोंवर पीक कसें वाळतें, ही माहिती कोणत्याहि अलंकारिक प्रस्तावनेपेक्षां अधिक काम करिते.

त्याच कार्यासाठीं दुसऱ्या खात्याकडे मागणी केली असल्यास ती लपवूं नये. केंद्राच्या नियमांप्रमाणें त्याविषयीं लेखी दाखला द्यावा लागतो, आणि खोटा दाखला संस्थेस कायमचा बट्टा लावतो.

पैसा आल्यानंतर

पुष्कळांस वाटतें कीं मंजुरी आली म्हणजे काम संपलें. वस्तुतः खरी परीक्षा तेथून सुरू होते. अनुदान ज्या बाबीसाठीं मिळालें त्याच बाबीवर खर्च करावें. तालमीच्या पैशांतून गणेशोत्सवाचा मांडव घालणें हें कितीहि सद्हेतूनें केलें तरी गैरच होय. प्रत्येक खर्चाची पावती क्रमानें लावावी. घेतलेल्या वस्तूंची नोंदवही ठेवावी, आणि सरकारी पैशानें घेतलेली वस्तु परवानगीवांचून विकूं नये. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणें उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांचे आंत द्यावें लागतें, आणि अनुदानावर बँकेंत मिळालेलें व्याजहि सरकारजमा करावें लागतें. राज्याच्या योजनेंत मुदत मंजुरीच्या आदेशांत लिहिलेली असते. हें प्रमाणपत्र न देणाऱ्या संस्थेस पुढील हप्ता वा दुसरें अनुदान मिळणें दुरापास्त होतें.

वेळ केव्हां साधावी

सरकारी वर्ष १ एप्रिलास सुरू होऊन ३१ मार्चास संपतें. पेरणीसारखेंच हें आहे, वाफसा गेल्यावर उत्तम बियाणेंहि उगवत नाहीं. म्हणून सातबारा, वारस नोंद व धर्मादाय कचेरींतील फेरबदल हीं कामें उन्हाळ्यांतच उरकावीं, आणि अर्ज पावसाळ्यांत द्यावा. अर्जाची पोंच घ्यावी, आणि कागद परत आल्यास त्रुटी नेमकी कोणती व ती कशी दूर होईल हें त्याच वेळीं लेखी विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. आमच्यासारखा कारकून आपण होऊन सांगेल अशी वाट पाहूं नये.

शेवटीं वडील मंडळींस एक विनंति. मुलें अर्ज लिहितील, संगणकावर भरतील, जिल्ह्याच्या ठिकाणीं खेटेहि घालतील. परंतु जागेच्या उताऱ्यावर आजोबांचें नांव असेल तर तेथें त्यांचा उपाय चालत नाहीं. तें काम आपलें आहे. आपण तालमीस, मैदानास वा वाचनालयास कधीं तोंडी जागा दिली असेल, तर या महिन्यांत तिचा सातबारा काढून पहावा. नांव कोणाचें आहे, तें आपण हयात आहों तोंवरच पाहिलेलें बरें.