खड्ड्याचा पंचनामा कोण करणार?

पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. 'दुचाकी घसरून तरुणाचा मृत्यू.' चार ओळींची बातमी. तो कोठून कोठे निघाला होता, कोणत्या फाट्याजवळ पडला, कोणत्या दवाखान्यात मृत घोषित केले आणि शेवटी पोलीस ठाण्यात नोंद झाल्याचे एक वाक्य. दुचाकी का घसरली हे त्या चार ओळींत नसते. जणू तिला घसरण्याची हौसच होती! कित्येकदा तर गुन्हा मेलेल्या माणसावरच दाखल होतो. हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून स्वतःच्या मरणास स्वतःच कारणीभूत झाला, असा. आरोपी मयत, म्हणून प्रकरण बंद. खड्डा मात्र जिथल्या तिथे मोकळा राहतो.

सिल्लोड तालुक्यातल्या वाहनचालकांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. औरंगाबाद-अजिंठा-जळगाव या रस्त्याने त्यांच्याकडून जेवढे वसूल केले तेवढे महाराष्ट्रातल्या फार थोड्या रस्त्यांनी केले असेल. फुलंब्री, आळंद, भवन, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर अशी ही वाट. हा राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ. त्याच्या चौपदरीकरणाचे काम निघाले तेव्हा आहे तो डांबरी रस्ता उखडण्यात आला. वाहतुकीसाठी बाजूला धड पर्यायी रस्ता न करता तो मैलोन् मैल उखडला आणि काम रखडले. २०१८-१९ या काळात तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल असा हा महामार्ग होता. काळ्या मातीत ट्रक रुतत होते, एसटी गाड्या उलट्या फिरत होत्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. पुढे काँक्रीटीकरण बऱ्याच अंशी झाले आणि आता गाड्या धावतात. जिल्ह्याचे नावही २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलायला एक अधिसूचना पुरली, रस्त्याला मात्र वर्षे लागली. त्या वर्षांत ज्यांच्या गाड्या मोडल्या, मणके गेले, घरातली माणसे गेली, त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही.

आणि हा रस्ता जातो कोठे? अजिंठ्याला! प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण आणि उज्जैन यांना जोडणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाच्या आधाराने ही लेणी उभी राहिली. सार्थवाह या वाटेने जात, भिक्खू वर्षावासाला विहारात राहत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, सव्विसाव्यात भिक्खू बुद्धभद्राचा. दीड हजार वर्षांपूर्वी माणसे जिथे पोहोचत होती, तिथे एकविसाव्या शतकात जायचे म्हणून परदेशी उपासक कंबरेला पट्टा बांधून गाडीत बसत होते. १९९० च्या दशकात बौद्ध जपानने अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पाला कर्ज दिले, त्यात रस्ते सुधारणेचाही समावेश होता. कर्जातून सुधारलेला रस्ता पुढे आपल्याच लोकांनी उखडून ठेवला, हे जपानी पाहुण्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?

पण पर्यटकाचे दुःख दोन दिवसांचे. चालकाचे रोजचे. आमच्या वस्त्यांतली किती पोरे आज स्टिअरिंगवर आहेत ते पाहा. जमीन नाही, नोकरभरती नाही, म्हणून फायनान्सची गाडी काढायची. कोणी काळीपिवळी चालवतो, कोणी अॅपे, कोणी छोटा टेम्पो. सिल्लोड-भोकरदन पट्ट्यातली हिरवी मिरची रात्रीतून बाजाराला पोहोचवायची असते. उशीर झाला की माल मऊ पडतो आणि भाव पडतो. मक्याच्या हंगामात बाजार समितीकडे ट्रॅक्टरांची रांग असते. खराब रस्त्यावर पाटा तुटला, टायर फुटला, रिम वाकली की त्या दिवसाची मजुरी गॅरेजवाल्याला जाते. हप्त्याची तारीख मात्र खड्डा ओळखत नाही. दोन हप्ते थकले की वसुलीवाले दारात. म्हणजे खड्ड्याची खरी किंमत ठेकेदार भरत नाही, अभियंता भरत नाही, ती भरतो हा पोरगा. आणि मालक-मजूर दोन्ही तोच असल्याने त्याची संघटना नाही, संप नाही. तो शिवी देतो आणि दुसरा गिअर टाकतो.

त्यात अडलेल्या बाळंतिणीची गोष्ट वेगळी. सिल्लोडहून पुढच्या उपचारासाठी घाटी रुग्णालयात पाठवायचे म्हटले तर ६०-६५ किलोमीटर. रस्ता बरा असेल तर दीड तास. नसेल तर काय होते ते रुग्णवाहिकेच्या चालकाला विचारा.

खड्डा का पडतो हे गुपित नाही. आमची जमीन काळी, कापसाची. पाणी प्याली की फुगते, उन्हात आक्रसते आणि भेगाळते. असल्या जमिनीवर रस्ता करायचा तर खाली मुरमाचा, खडीचा जाड थर नीट दाबून द्यावा लागतो, बाजूला गटार काढावे लागते, साइडपट्ट्या भराव्या लागतात. पाणी रस्त्याखाली शिरता कामा नये, सारे शास्त्र एवढ्यात आहे. डांबराला बारीक तडा जातो, त्यातून पाणी आत जाते, खालचा थर मऊ होतो, वरून लादलेला ट्रक जातो आणि चाकाच्या दाबाने तो चिखल वर फेकला जातो. पोकळी झाली, की आठवड्यात खड्डा. तडा असतानाच भरला तर थोडक्यात भागते. पण तडा भरण्याच्या कामाला भूमिपूजन नसते, नारळ नसतो, फलक नसतो. म्हणून वाट पाहायची, रस्ता पार जाऊ द्यायचा आणि नवे टेंडर काढायचे. मध्यंतरी ओरड झालीच तर ऐन पावसात ओल्या खड्ड्यात मुरूम टाकायचा. दोन दिवसांत तो मुरूम रस्त्यावर पसरतो आणि दुचाकीला खड्ड्यापेक्षा जास्त घातक ठरतो. हे करणाऱ्यांना शास्त्र माहीत नाही असे कोणी म्हणू नये. त्यांच्याकडे पदव्या आहेत.

खराब रस्ता आणि चालकावर येणारे बालंट हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावला आले होते. स्टेशनवर लोक घ्यायला आले, वस्ती नदीपलीकडे. अस्पृश्याला आपल्या टांग्यातून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा त्यांनी द्यायचा नाही या अटीवर. मग लोकांतलाच एक जण हाकायला बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. वाटेत नदीवर मोरी होती. तिला पुलासारखे कठडे नव्हते, ठरावीक अंतरावर नुसते दगड रोवलेले. शिवाय रस्ता मोरीवर काटकोनात वळत होता. पहिल्याच दगडापाशी घोडा बिथरला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब मोरीच्या फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत कोसळला. पाय मोडला, कित्येक दिवस ते जायबंदी होते. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

या प्रसंगाचा पंचनामा आजच्या पद्धतीने झाला असता तर काय लिहिले असते? 'टांगा हाकणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे.' मजकूर संपला! बाबासाहेबांनी मात्र चौकशी केली. हाकणारा नवखा का होता, टांगेवाले का आले नाहीत, हे विचारले आणि कारण सापडले ते जातीत. मोरीला कठडा नव्हता याचीही नोंद केली. चालकाच्या मागे असलेल्या कारणापर्यंत जाणे, याला चौकशी म्हणतात.

पुढे तेच बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेत रस्तेही नावानिशी घातलेले आहेत, हे आपल्यातल्या अनेकांच्या ध्यानात नसते. त्यामागे इतिहास आहे. महाडचे पाणी आपल्याला ठाऊक आहे, पण १९२४ चा वायकोम सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांसाठी. रस्त्यावरून चालण्याचा हक्क आपण लढून मिळवला. आता प्रश्न आहे तो चालण्याजोगा रस्ता असण्याचा.

त्यावरही निकाल आहे आणि तोही आपल्याच माणसांनी मिळवलेला. हिमाचल प्रदेशातल्या डोंगराळ भागातील गरीब, बहुतांशी दलित गावकऱ्यांनी रस्त्याचे काम थांबल्याबद्दल उच्च न्यायालयाला नुसते पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली आणि रस्ता करण्याचे निर्देश दिले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ मध्ये उमेद राम शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डोंगरातल्या माणसाला रस्ता मिळणे म्हणजे जगणे मिळणे. अनुच्छेद २१ चा जगण्याचा हक्क त्यात येतो.

असे असताना आमच्या वस्तीपर्यंत रस्ता का येत नाही? प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्या हिशेबाने बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असलेली वस्ती 'जोडलेली' धरली जाते. आता गावाची रचना आठवा. डांबरी सडक वेशीपर्यंत येते, पाटलाच्या वाड्यापर्यंत जाते. आमची वस्ती ओढ्यापलीकडे, ३००-४०० मीटरवर. कागदावर ती जोडलेली. पावसाळ्यात मात्र तेवढ्या अंतरात आजाऱ्याला बाजेवर घालून आणावे लागते आणि रिक्षावाला वेशीतूनच परततो. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. त्या नव्या नावाच्या फलकापर्यंत जाणारी वाटही व्हावी, एवढेच मागणे आहे.

याच मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर रस्ते झाले. खडी कोणी फोडली? भूमिहीन बाया-माणसांनी, लेकरे झाडाखाली निजवून. त्यांचीच नातवंडे आज त्या रस्त्यांवर गाडी चालवतात. शिवाय डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे ती रस्त्यासाठी उपकर भरतात. १९२७ मध्ये नेमलेल्या मुकुंदराव जयकर समितीने इंधनावरच्या करातून रस्ते निधी उभारण्याची शिफारस केली, तेव्हापासूनची ही परंपरा. म्हणजे श्रम आमचे, कर आमचा. चांगला रस्ता मागताना हात जोडण्याचे कारण नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, पंचनाम्याकडे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे मेली. २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हा आकडा समोर ठेवून सीमेवर मरणाऱ्यांपेक्षाही हे बळी बहुधा अधिक असल्याचे सुनावले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ चा आकडा १,८५६ आहे. हे फक्त ते, ज्यांच्या कागदावर कोणीतरी 'खड्डा' असे लिहिले. ज्यांच्या कागदावर 'घसरून' लिहिले, ते यात नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत कसूर करून मृत्यू वा अपंगत्व ओढवणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड त्यात आहे. माणसाच्या जिवाला एक लाख! तोही लागायचा तर आधी खड्डा कागदावर यावा लागतो.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यापुढे पाऊल टाकले. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, दावे तपासण्याच्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सचिव असावा, असा तो आदेश. पण दावा करायचा कशाच्या आधारावर? पंचनाम्यात खड्डाच नसेल तर समितीपुढे काय ठेवणार? सिल्लोडच्या खेड्यातल्या विधवेला हा आदेश कोण वाचून दाखवणार?

इथे भीमनगरांतल्या मंडळांना आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांना काम आहे. अपघात झाला की पोलीस येण्याआधी खड्ड्याचा फोटो काढा, शेजारी मापाची पट्टी किंवा पायातली चप्पल ठेवा, म्हणजे खोली दिसेल. पंच म्हणून आपली माणसे उभी राहू द्या आणि लांबी-रुंदी-खोली लिहिल्याशिवाय सही करू देऊ नका. रस्ता कोणाचा, जिल्हा परिषदेचा, बांधकाम खात्याचा की महामार्गाचा, ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत कधी संपते, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. जखमीच्या केसपेपरवर 'दुचाकीवरून पडून' एवढेच लिहिले जात असेल तर कशामुळे पडला तेही डॉक्टरांना लिहायला सांगा. आणि नंतर नातेवाइकाला घेऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना तिथे वकील मोफत मिळतो.