सागवानाच्या मुलखातले जडावकाम

नागपूर वसविणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला होता, आणि १८व्या शतकाच्या मध्याला हे शहर रघूजी भोसल्यांच्या हाती आले. त्यामुळे मोगल दरबारी अभिरुची आणि मराठी वाडासंस्कृती या दोहोंची येथे गाठ पडली. तरीही जडावकामाच्या, म्हणजे हस्तिदंत, शिंपला किंवा पितळी तार लाकडात बसवून नक्षी साधण्याच्या प्रसिद्ध केंद्रांत सुरत, मैनपुरी, होशियारपूर, विशाखापट्टणम, म्हैसूर ही नावे येतात, नागपूरचे येत नाही. लकडगंज नावाचा अख्खा भाग ज्या शहरात आहे आणि आलापल्लीसारखे सागवानाचे जंगल ज्याच्या मुलखात आहे, तेथे असे का व्हावे?

या कलेचा इस्लामी जगातील इतिहास पाहिला, तर उत्तराचा काही अंश हाती लागतो. इजिप्तमध्ये चांगल्या लाकडाचा तुटवडा होता, शिवाय कोरड्या उष्ण हवेत रुंद फळी वाकते आणि तडकते. म्हणून मामलुक सुलतानांच्या काळातील (१२५०–१५१७) सुतारांनी दरवाजे आणि मिंबर, म्हणजे मशिदीतील प्रवचनाचे पायऱ्यांचे आसन, लहान लहान तुकडे एकमेकांत अडकवून घडविले व त्या तुकड्यांना कंपास आणि पट्टीने आखलेल्या तारकाकृतींचा साचा दिला. धार्मिक वास्तूंत सजीवांची चित्रे टाळण्याच्या प्रथेमुळे भौमितिक आकृती, वेलबुट्टी आणि सुलेखन यांना महत्त्व आले हे खरे. पण टंचाईचा वाटाही लहान नव्हता. ज्या विदर्भात अखंड सागवानी तुळया मिळत, तेथे सुताराचा हात जडावापेक्षा कोरीवकामाकडे वळला असावा, असे मानण्यास जागा आहे.

भारतात ही परंपरा एका वाटेने आली नाही. गुजरातेतील शिंपल्याच्या जडावाच्या पेट्यांची आणि दौतींची प्रशंसा अबुल फजलने ‘आईने अकबरी’त केली आहे. सुरत आणि मुंबईची सादेली ही इराणमधील शिराझच्या खातमकारीची वंशज मानली जाते. तिच्यात हस्तिदंत, आबनूस, हिरवे रंगविलेले हाड आणि कथील यांच्या बारीक काड्या सरसाने एकत्र चिकटवून त्या जुडग्याच्या, अळूवडीच्या उंड्याच्या कापाव्यात तशा, पातळ चकत्या कापतात आणि त्या पेटीवर बसवितात. मैनपुरीच्या तारकशीत शिसवाच्या लाकडात खाचा पाडून पितळी तार ठोकतात, आणि ही नक्षी हिंदूंच्या खडावांवरही असे. १७व्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांसाठी घडलेल्या सागवानी कपाटांवर आबनूस व हस्तिदंताची एकमेकांत गुंतलेली वर्तुळे दिसतात. ग्राहक ख्रिस्ती, कारागीर बहुधा स्थानिक आणि नक्षीची मांडणी इस्लामी वळणाची! अशा वस्तूवर एकाच धर्माचे नाव लिहिण्याचा हट्ट व्यर्थ आहे.

नागपूरच्या सरदारी घरांतही बाहेरून आलेले असे सामान असणे संभवनीय आहे, परंतु राजवाड्याचा पुरावाच उरलेला नाही. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तल्यावर गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, वाड्यातील सामान हलविले गेले आणि जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास पाठविले गेले. राहिलेला काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला राजवाडा १८६४ मध्ये आगीत नष्ट झाला. ‘अजब बंगला’ म्हणून ओळखले जाणारे मध्यवर्ती संग्रहालय त्याच्या केवळ एक वर्ष आधी, १८६३ मध्ये, सुरू झाले होते.

येथे आलेल्या जडावाला हवामानही मानवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि लाकूड आक्रसते, पावसाळ्यात ते फुगते. हस्तिदंत आणि शिंपला मात्र त्याच प्रमाणात हलत नाहीत, म्हणून सरस सुटून तुकडे उचकटतात. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद असल्याने हरवलेल्या तुकड्याच्या जागी नवा बसविणेही शक्य नसते. त्यामुळे निखळलेला प्रत्येक तुकडा डबीत जपून ठेवावा आणि दुरुस्तीला जुन्या पद्धतीचा सरसच वापरावा, कारण तो ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सोडविता येतो, बाजारातला आधुनिक गोंद सहसा येत नाही.