कंपनीचा मेल, घरचा मोबाइल

हिंगणघाटला आमच्या आपांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बसून करायचा. गेल्या वर्षी त्याने ती नोकरी सोडली. राजीनामा रीतसर दिला, शेवटचा पगारही मिळाला. दोन दिवसांनी फजरला उठून पाहतो तो मोबाइल भाषा निवडायला सांगतोय, जणू कालच दुकानातून आणलेला! फोटो गेले, नंबर गेले आणि मरहूम भाईजानच्या आवाजातले व्हॉट्सअपचे संदेशही गेले. "बेटा, येताना दही आण," असलेच साधे संदेश होते. पण आपा रोज रात्री निजण्याआधी ते ऐकत असत. बॅकअप कधी घेतलाच नव्हता.

मोबाइल हॅक झाला, असेच आम्हाला आधी वाटले. तसे काही नव्हते. नोकरी सोडणाऱ्याचे खाते बंद करताना कंपनीकडून मोबाइल पुसण्याची आज्ञा गेली होती, आणि तशी परवानगी तीन वर्षांपूर्वी भाच्यानेच एका बटणावर बोट ठेवून दिली होती.

आम्ही उर्दू आणि मराठीचे शिक्षक, संगणकाचा तास काही आमच्याकडे नसतो. तरी यानंतर हे प्रकरण नीट समजून घेतले, कारण आज वर्ध्यात, पुलगावात, आर्वीत अशी मुले-मुली घराघरांत आहेत.

मोबाइलवर मेल दोन तऱ्हांनी जोडता येतो. एक तऱ्हा आयमॅप नावाची. यात मोबाइल सर्व्हरवरची पत्रे दाखवतो, एवढेच. दुसरी एक्स्चेंजची, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची. मोठ्या कंपन्यांत बहुधा हीच असते. यात पत्रांबरोबर कॅलेंडर येते, सहकाऱ्यांचे नंबर येतात आणि कंपनीचे नियमही येतात. मोबाइलच्या नेहमीच्या मेल ॲपमध्ये असे खाते जोडले, की अँड्रॉइडवर एक लांब यादी उघडते: पासवर्डचे नियम ठरवणे, पडदा कुलूपबंद करणे, सर्व डेटा पुसणे. खाली 'ॲक्टिव्हेट' लिहिलेले असते. नोकरीचा पहिला दिवस, साहेब ऑनलाइन वाट पाहत आहेत. अशा वेळी ती यादी कोण वाचतो? आयफोनवर तर अशी यादीही समोर येत नाही, अधिकार मात्र तोच जातो.

कंपनीची बाजूही खोटी नाही. कर्मचाऱ्याचा मोबाइल रिक्षात राहिला तर गिऱ्हाइकांची कागदपत्रे भलत्याच्या हाती पडतील. २००८ साली ॲपलने आयफोनला एक्स्चेंज जोडण्याची सोय दिली, तेव्हा दुरून पुसण्याची सोयही सोबतच दिली. कंपनीची माहिती ही आपल्याकडे अमानतच आहे. पण भाईजानचा आवाजही अमानत होता, आणि दोन्ही एकाच पेटीत ठेवून त्या पेटीची किल्ली आपण कंपनीला दिली होती.

पेट्या वेगळ्या करता येतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. नेहमीच्या मेल ॲपऐवजी मायक्रोसॉफ्टचे आउटलुक ॲप घेऊन त्यात खाते जोडले, तर पुसण्याची आज्ञा आली तरी त्या ॲपमधलेच जाते, बाकी मोबाइल शाबूत राहतो. याहून पक्की सोय म्हणजे अँड्रॉइडचे 'वर्क प्रोफाइल'. यात कंपनीची ॲप्स वेगळ्या कप्प्यात जातात आणि त्यांच्या चिन्हावर छोटीशी बॅग दिसते. कंपनी पुसू शकते ती हाच कप्पा. ही सोय कंपनीने द्यावी लागते, म्हणून रुजू होतानाच विचारावे. विचारल्याने नोकरी जात नाही. आणि यातले काहीच मिळत नसेल, तर कंपनीकडे मोबाइल मागावा, नाहीतर घरातला जुना मोबाइल त्या कामाला ठेवावा.

नंबरांची एक गंमत आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कंपनीचे खाते जोडल्यावर आपण नवा नंबर साठवतो, तो कधीकधी नकळत त्याच खात्यात जातो. पुढे खाते काढले, की मामूंचा नंबरही गेला! नंबर साठवताना वर कोणते खाते दिसते, ते एकदा पाहून घ्यावे.

आपल्या गावांकडे आणखी एक सवय आहे. मेल जोडता आला नाही की मोबाइल दुकानातल्या पोराच्या हाती द्यायचा आणि पासवर्ड तोंडी सांगायचा. हे अजिबात करू नये. सर्व्हरचे नाव नि इतर माहिती कंपनीच्या आयटी विभागाकडून मिळते. त्या विभागाचे नाव सांगून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यावा. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवावे.

सेवाग्राम आश्रमात मुलांची सहल नेतो, तेव्हा दफ्तराच्या कुटीतला टेलिफोन मुलांना हमखास दाखवतो. गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून दिला होता. सरकारचा फोन दफ्तरातच राहिला. आपल्याकडे मात्र कंपनी इफ्तारच्या दस्तरखानावरही वाजते. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही.

या जूनमध्ये भाच्याच्या धाकट्या बहिणीला नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. मेल जोडायचा दिवस आला तेव्हा आम्ही मुद्दाम हिंगणघाटला गेलो. आधी सगळ्या फोटोंची प्रत काढली, व्हॉट्सअपचा बॅकअप घेतला, मग तिने आयटीवाल्यांना वर्क प्रोफाइलबद्दल विचारले. त्यांनी लगेच हो म्हटले. तासाभरात काम झाले. आता मगरिबच्या सुमारास ती तो बॅगवाला कप्पा थांबवते, तो सकाळपर्यंत मुका असतो.

त्या दिवशी प्रत काढताना तिच्या मोबाइलमध्ये भाईजानचा एक संदेश सापडला, भावाने कधीतरी पुढे पाठवलेला. अकरा सेकंदांचा आहे. आपांच्या, भाचीच्या आणि आमच्या, अशा तीन मोबाइलमध्ये आता तो ठेवला आहे.