उतरते वजन आणि कपड्यांचे कपाट

वजन उतरू लागले म्हणजे घरात प्रथम आनंद होतो, आणि काही आठवड्यांतच कपाटासमोर उभे राहून चिंता सुरू होते. विजार कमरेवर ठरत नाही, कोटाचे खांदे दंडावर ओघळतात, पोलक्याचा गळा एका बाजूस सरकतो. नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी या प्रश्नाला आता एक मुदतही जोडली गेली आहे. १ जानेवारी २०१९ पासून तेथील मूलभूत आरोग्यविम्यात वजन व राहणी सुधारण्याचा कार्यक्रम समाविष्ट झाला आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणजे आहार, व्यायाम आणि सवयी यांबाबत मार्गदर्शन मिळते, आणि हा कार्यक्रम दोन वर्षे चालतो. मधुमेह तर आपल्या लोकांच्या पाचवीलाच पुजलेला. तेव्हा अशी चिठ्ठी मिळालेली माणसे वाचकांच्या नात्यागोत्यात निघाली, तर नवल नाही.

दोन वर्षे ही मुदत ध्यानात ठेवावी. एवढ्या काळात शरीर एका मापावरून दुसऱ्यावर उतरत राहणार, आणि प्रत्येक मुक्कामाला नवे कपडे घ्यायचे म्हटले तर घरखर्चाचा मेळ बसणे कठीण. उलट काही जण प्रतिज्ञाच करतात की, ठरविलेले वजन गाठेपर्यंत एकही कपडा घेणार नाही, आणि तोवर गबाळ्या वेषात कामावर जातात. ही काटकसर आम्हांस मान्य नाही. ज्याने ताटावर एवढा संयम राखला, त्याला आरशात त्याचे फळ दिसू नये, हा त्याच्यावर अन्यायच होय. धीर सुटण्याचा संभव असतो तो येथेच. शिवाय हॉलंडात जाणेयेणे सायकलीवर. तेथील सायकलींच्या मागच्या चाकाला कोटाचा घोळ अडकू नये म्हणून आडोसा लावलेला असतो खरा, पण ढगळ विजारीचा पाय पुढच्या दातेरी चक्रात सापडला तर तो आडोसा काय करणार?

तेव्हा पहिला आधार सुईदोऱ्याचा. युरोपात स्त्रियांच्या कपड्यांची मापे ३८, ४०, ४२ अशी दोन-दोनांनी चढतात, आणि सर्वसाधारण मापांत प्रत्येक पायरीस छाती व कंबर यांत सुमारे ४ सेंटिमीटरांचा फरक असतो. आता हिशेब पाहा. दोन्ही बाजूंची शिवण प्रत्येकी १ सेंटिमीटर आत घेतली, तर पुढचा व मागचा भाग मिळून बरोबर ४ सेंटिमीटर घटतात. म्हणजे दोन सरळ टिपांनी एक माप उतरले! आतले जादा कापड मात्र कापून टाकू नये. दोन मापांपर्यंत हा उपाय चालतो. त्यापुढे खांदा व मुंढा बिघडतो, विजारीचे मागचे खिसे एकमेकांस भिडू लागतात, आणि मग दुरुस्तीचा मोह सोडलेला बरा. साडीला तर मापच नाही. प्रश्न केवळ पोलके व परकराचा. आपल्याकडचा शिंपी बाई पुढे अंगाने भरेल या हिशेबाने आत कापड राखून ठेवतो. ती बारीक होईल हे त्याच्या स्वप्नातही येत नाही.

हॉलंडात शिंप्याची मजुरी कित्येकदा जुन्या बाजारातील अख्ख्या विजारीहून अधिक पडते. म्हणून ज्यांना टीप घालता येत नाही त्यांनी ‘रिपेअर कॅफे’ची वाट धरावी. मार्टिने पोस्टमा या बाईंनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये असा पहिला मेळावा भरविला, आणि आता देशभर ते भरतात. शिवणयंत्र तेथे असते, जाणती माणसे स्वेच्छेने शेजारी बसून दाखवितात, आणि मोबदला म्हणून आपण राजीखुशीने काही द्यावे. अस्तर, बटणे वा कापडाचा तुकडा हवा असल्यास ॲमस्टरडॅमच्या वेस्टरस्ट्राट रस्त्यावर सोमवारी कापडबाजार भरतो.

सुईने काम भागेनासे झाले की वापरलेल्या कपड्यांकडे वळावे, आणि येथेच आपली माणसे अडखळतात. परक्याने उतरविलेला कपडा अंगावर घालणे आपल्या घरांत हलकेपणाचे मानले गेले. पण डच लोकांत सुस्थितीतली माणसेही ‘क्रिंगलोपविंकल’ म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात निःसंकोच जातात. शिवाय आपल्या वाचकांना तर या व्यापाराचे वावडे असण्याचे कारणच नाही. ॲमस्टरडॅमचे वाटरलोप्लेन हे मैदान १८८२ मध्ये दोन कालवे बुजवून तयार झाले, आणि १८९३ मध्ये शेजारच्या रस्त्यांवरील यहुदी फेरीवाल्यांना नगरपालिकेने तेथे हलविले. तो बाजार रोज भरे. बंद राही तो फक्त शब्बाथला. गेल्या महायुद्धात नाझींनी त्या वस्तीतील बहुतेक माणसे नेली, ती परतली नाहीत. जुन्या कपड्यांचा बाजार तेथे आजही भरतो, पण सुट्टी आता रविवारची असते.

जुना कोट वा जाकीट घेताना आतली चिठ्ठी अवश्य वाचावी. लोकर आणि लिनन एकत्र असलेले वस्त्र अनुवाद २२:११ प्रमाणे आपल्याला वर्ज्य, आणि पुरुषी कोटाच्या आतील ताठ अस्तरात लिनन दडलेले असू शकते.

स्वस्ताईचा खरा दिवस म्हणजे राजाचा वाढदिवस, २७ एप्रिल. तो रविवारी आला तर २६. (२०१३ पर्यंत हाच सण राणीच्या नावाने ३० एप्रिलला होई.) त्या दिवशी कोणीही परवान्यावाचून रस्त्याकडेला चादर अंथरून घरातले सामान विकू शकतो. सायंकाळी उरलेले गाठोडे परत घरी नेण्याचा कंटाळा सर्वांनाच येतो. खरेदीस तीच वेळ साधावी. मात्र एका मापाच्या दोन विजारी, तीन सदरे, एक स्वेटर, याहून अधिक उचलू नये, नाहीतर स्वस्ताईच महाग पडायची. ‘पुढे होईल’ म्हणून लहान मापाचा कपडा तर मुळीच घेऊ नये. तो खुंटीवरून रोज टोमणे मारतो.

आतले कपडे आणि पादत्राणे यांत काटकसर करू नये. ती नवीच घ्यावीत, आणि मापाची. जुने मोठे कपडे एकदम देऊन टाकावेत काय? पुष्कळांचे वजन काही काळाने पुन्हा चढते, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. चांगले तेवढे दोन-तीन कपडे पेटीत घालून माळ्यावर ठेवावेत आणि बाकीचे दुकानात परत द्यावेत, कारण आपल्या मागून त्याच पायऱ्या उतरणारा कोणीतरी ते शोधीत असतो. ओव्हरकोट सर्वांत शेवटी बदलावा. तो महागडा, आणि थोडा ढगळ असला तरी आत एक स्वेटर अधिक मावतो. वजन स्थिरावल्यावर जानेवारीत दुकाने हिवाळी माल कमी दराने काढतात, तेव्हा तो घ्यावा.