ब्लॅकआउटमधली समई

मित्राच्या मुलानं गेल्या पावसाळ्यात एक स्क्रिप्ट पाठवली. लघुपटाची, चौदा पानी, विनोदी. सोबत एकच ओळ : ‘काका, स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही.’ असं लिहिणाऱ्याला राग येतोच, हा माझा एकांकिका वाचण्यातला जुना अनुभव. तरी वाचायला घेतली, कारण पहिल्याच पानावर लिहिलं होतं : ‘गिरगावातली चाळ. डिसेंबर १९७१. रात्र. ब्लॅकआउट.’

मुलगा डोंबिवलीचा, बँकेत नोकरीला, सुट्टीच्या दिवशी नाटकवाला. त्याचे आजोबा त्या चाळीत राहिलेले. भारत-पाकिस्तान युद्धाच्या त्या दिवसांत मुंबईत खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवलेले, गाड्यांचे दिवे अर्धे काळे केलेले, आणि रात्री शिट्टी फुंकत फिरणारा वॉर्डन ‘दिवा बंद करा’ म्हणून ओरडायचा, हे सगळं त्यानं आजोबांकडून ऐकलेलं. गोष्ट साधी : दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजी देवापुढची समई विझवायला तयार नाहीत आणि वॉर्डन हट्टाला पेटलाय.

विनोदी स्क्रिप्ट वाचताना मी हातात पेन्सिल धरतो आणि खरोखर हसू आलं तिथं फक्त टिंब देतो. पहिल्या वाचनात दुसरं काही लिहायचं नाही. आवडलं-नावडलं हे मत झालं, हसू आलं की नाही ही घटना आहे. लिहिणारा मताशी वाद घालू शकतो, टिंबाशी घालू शकत नाही. चौदा पानांत चार टिंबं पडली. चारही आजींच्या वाट्याला. वॉर्डनवर त्यानं घाम गाळला होता : तो केळीच्या सालीवरून घसरतो, जिन्यात त्याची विजार खिळ्याला अडकून फाटते, हेल्मेटमध्ये मांजर सापडतं. दोन सबंध पानं, आणि एकही टिंब नाही.

दुसऱ्या वाचनात तपशील. बारकावे काढत बसणारा परीक्षक कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण युद्धकाळातल्या विनोदाला तपशिलाचाच आधार असतो. प्रेक्षकाला एकदा वाटलं की हे खोटं आहे, की पुढे भीतीही खोटी वाटते आणि भीती गेली की हसूही जातं. तिसऱ्या पानावर सगळी चाळ एका खोलीत टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बघत होती. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे टीव्ही गेला, त्याच्या जागी रेडिओ आला. सहाव्या पानावर भोंग्याची गंमत उलटी बसली होती. धोक्याचा भोंगा वरखाली होत रडतो, धोका टळल्याचा एका सुरात सरळ वाजतो. त्याच्या स्क्रिप्टमध्ये सरळ सूर ऐकून लोक जिन्याखाली पळत होते.

तिसरी गोष्ट मलाही शोधेपर्यंत ठाऊक नव्हती. पहिल्या दृश्यात त्यानं लिहिलं होतं ‘किर्र अंधार’. युद्ध पेटलं ३ डिसेंबरच्या संध्याकाळी, आणि मार्गशीर्षी पौर्णिमा होती २ डिसेंबरला. दत्तजयंती नुकतीच झालेली. म्हणजे पहिल्या एकदोन रात्री वॉर्डन एका समईवर ओरडत असणार आणि चाळीच्या पत्र्यावर, नळाखालच्या बादल्यांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर टिपूर चांदणं पडलेलं असणार. हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता, मग एकदम हसण्याचा आवाज. चुकीची दुरुस्ती करताना लेखकाला विनोद सापडावा, याहून चांगला अभिप्राय मला अजून देता आलेला नाही, आणि यात माझं कर्तृत्व काही नाही, पंचांगाचं आहे.

आता वॉर्डन. बीबीसीवर १९६८ ते १९७७ अशी नऊ वर्षं ‘डॅड्‌स आर्मी’ नावाची मालिका चालली, ऐंशी भाग. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर जर्मन उतरले तर त्यांना थोपवायला गावोगाव म्हातारेकोतारे आणि पोरंसोरं घेऊन उभ्या केलेल्या होम गार्डची ही गोष्ट. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः पोरवयात त्या होम गार्डमध्ये होता. मालिकेतला कॅप्टन गावच्या बँकेचा मॅनेजर, ब्लॅकआउटचा वॉर्डन भाजीवाला. दोघं एकमेकांना पाण्यात बघतात. हसू येतं ते ही माणसं आपलं काम जिवाच्या कराराने करतात म्हणून. कॅप्टनला खरंच वाटतं की रणगाडा आला तर आपण थांबवू. तो भित्रा असता तर मालिका सहा भागांत संपली असती. त्याची ऐट खोटी, पण धैर्य खरं.

त्या मुलाच्या वॉर्डनला स्वतःच्याच कामावर विश्वास नव्हता, तो लेखकाच्या मर्जीनं घसरत होता. हे पत्रात लिहून पटलं नसतं. म्हणून एका रविवारी आमच्या घरी वाचन ठेवलं. कांदाभजी, चहा, सहा खुर्च्या. आजी बायकोनं वाचल्या. वॉर्डन वाचायला शेजारचे गृहस्थ बसवले, निवृत्त सरकारी अधिकारी, आयुष्यात नाटक केलेलं नाही. त्यांनी वॉर्डनची वाक्यं परिपत्रक वाचावं तशी वाचली, एक भुवई न हलवता. खोलीभर हशा. मुलगा बघतच राहिला. त्याच्या डोक्यातला वॉर्डन ओरडा करणारा होता.

त्याच वाचनात एक जागा सगळ्यांसमोर अडकली. स्क्रिप्टमध्ये असं होतं :

वॉर्डन : आजी, तुम्हाला कल्पना आहे का, की या समईच्या उजेडामुळे शत्रूच्या विमानाला आपली चाळ दिसते आणि मग ते आपल्यावर बॉम्ब टाकू शकतं?
आजी : हे बघ, ही समई माझ्या सासूबाईंची, पन्नास वर्षं देवापुढे जळते आहे. तुला ती दिसते, त्या विमानाला दिसते, मग दर्शन घेऊ दे त्याला, पण मी काही विझवायची नाही, कारण देवाला अंधारात ठेवणं आपल्यात बसत नाही.

बायको तिसऱ्या स्वल्पविरामाला दमली. मी पेन्सिल घेतली आणि एक शब्दही न घालता फक्त खोडलं :

वॉर्डन : आजी, विमानाला दिसते.
आजी : मग दर्शन घेऊ दे त्याला.

ओळ त्याचीच होती, ढिगाऱ्याखाली पडलेली. हौशी लेखकाच्या विनोदात बहुतेक वेळा हेच होतं. पंच लिहून झाल्यावर तो समजावून सांगायला लेखक थांबतो.

फक्त खोडायचं, ही शिस्त मला एका चुकीनं लावली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीची एकांकिका माझ्याकडे आली होती. मला भराभर विनोद सुचत गेले, समासात लिहीत गेलो, तिनं भीडेखातर सगळे घेतले. प्रयोगाला लोक हसले. नंतर ती म्हणाली, ‘सर, लोक तुमच्या वाक्यांना हसले.’ तिनं पुढे काही लिहिल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

आता अवघड भाग. युद्धावर हसायचं का, आणि कुठपर्यंत? हा प्रश्न घेऊन पोरं येतात तेव्हा मी त्यांना चार्ली चॅप्लिनकडे पाठवतो. पहिलं महायुद्ध चालू असताना तो खंदकातल्या शिपायावर ‘शोल्डर आर्म्स’ करायला निघाला तेव्हा स्नेह्यांनी त्याला भीती घातली होती. चित्रपट लागला २० ऑक्टोबर १९१८ ला, तीन आठवड्यांत युद्ध थांबलं, आणि ज्यांच्या मिशीला अजून चिखल होता ते सैनिकही त्याला हसले. त्यात चिखल आहे, पाण्यात बुडालेली बिछान्याची फळी आहे, घरून आलेलं न खाण्याजोगं खाणं आहे. हसू सगळं शिपायाच्या बाजूनं. वीसेक वर्षांनी त्यानं हिटलरवर ‘द ग्रेट डिक्टेटर’ केला, तो १९४० मध्ये आला. पण १९६४ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यानंच कबूल केलं, की छळछावण्यांतलं खरं भीषण तेव्हा ठाऊक असतं तर हा चित्रपट मला करता आला नसता. म्हणजे ही रेघ त्यालाही आधी दिसली नव्हती.

अर्न्स्ट लुबिचच्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’ची कहाणी तर अभिप्राय देणाऱ्यानं पाठच करावी. नाझींनी व्यापलेल्या वॉर्सातल्या नटमंडळींचा हा विनोदी चित्रपट १९४२ चा. त्यात एक जर्मन अधिकारी एका सुमार नटाविषयी म्हणतो, की त्यानं शेक्सपिअरचं जे केलं तेच आम्ही आता पोलंडचं करतोय. ही ओळ काढ म्हणून जवळच्या माणसांनी गळ घातली, समीक्षक तुटून पडले, लुबिचनं ती ठेवली. आज तीच ओळ पहिली आठवते, कारण ती पोलंडला हसत नाही. माणसं मारण्यावर सहज कोटी करू शकणाऱ्या अधिकाऱ्याला ती उघडं पाडते. पण त्याच चित्रपटातली दुसरी एक ओळ निमूट काढली गेली. नायिका कॅरोल लोम्बार्ड युद्धरोख्यांच्या प्रचारावरून परतताना १६ जानेवारी १९४२ ला विमान अपघातात गेली, आणि तिच्या तोंडी विमानात काय होणार आहे अशा अर्थाचं वाक्य होतं. एक ओळ ठेवली, एक काढली, आणि माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते.

एवढं सगळं मी मुलाला सांगितलं नाही. त्याच्या चौदा पानांवर जगाच्या सिनेमाचा इतिहास टाकला असता तर स्क्रिप्ट दबून गेली असती. त्याला नवव्या पानाविषयी विचारलं. तिथं अर्ध्याच पानात एक प्रसंग येऊन जात होता. कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंचा मुलगा नौदलात आहे. रात्री अंधारात तारवाला येतो. दारावरच्या पाट्या दिसत नाहीत, तो चाळभर नाव विचारत फिरतो, एकेक दार उघडतं आणि ‘आमची नाही’ म्हणून मिटतं. शेवटी तार निघते काकूंची, आणि आत बातमी असते नागपूरला मुलीला मुलगा झाल्याची. त्यानं ती ‘गैरसमजाची गंमत’ म्हणून टाकली होती आणि पुढच्या पानावर पुन्हा विजार फाटत होती.

‘तू तार बघितलीयस कधी?’ मी विचारलं. कशी बघणार, देशातली तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. मग त्याला सांगितलं : अवेळी तार म्हणजे आधी रडायचं आणि मग उघडायची. कागदावर अक्षरांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या, मजकूर बहुतेक इंग्रजीत. चाळीत ज्याला इंग्रजी येतं त्याच्याकडे ती घेऊन जायची आणि तो वाचेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं.

‘आणि तारीख कोणती धरलीयस?’
‘तारीख नाही धरली, काका. युद्ध चालू आहे एवढंच.’

९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापलीकडे आपल्या नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. स्क्रिप्टमध्ये जहाजाचं नाव यायलाच हवं असं नाही. पण नौदलातल्या मुलाच्या आईच्या दारात त्या दिवसांत तार येते आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलं तर दार उघडायला ती किती वेळ लावेल हे वेगळं लिहिलं जातं. आणि चंद्राचा हिशेब इथंही लागतो : दहा तारखेला वद्य अष्टमी उलटलेली, चंद्र उगवायला मध्यरात्र. पहिल्या दृश्यात जे चांदणं सगळ्यांची फजिती करतं ते इथं नाही. त्याचा किर्र अंधार चुकीच्या पानावर पडला होता, एवढंच.

याच्यापुढे मी मुद्दाम थांबलो. तार कोण वाचेल, कशी वाचेल, हे तोंडाशी आलं होतं, चहाबरोबर गिळलं. ‘विजार काढ, तारवाला वाढव, तारीख धर,’ एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. तीनांहून जास्त सूचना माणूस वाचतो, पण करत नाही. पहिल्या मसुद्याला तर तीनही जड होतात. त्यानं कागदाची घडी खिशात घातली. राग आलेला दिसत होता. विजारीवर त्याचा जीव होता.

महिना दीड महिना काही नाही. मग गणपतीच्या आसपास दुसरा मसुदा आला, अकरा पानांचा. विजार गेली होती, मांजर मात्र ठेवलं होतं. पहिल्या रात्री वॉर्डन आजींना दटावत असताना पत्र्यावर लख्ख चांदणं पडतं, आजी नुसतं वर बोट दाखवतात, आणि वॉर्डन क्षणभर चंद्राकडे अशा नजरेनं बघतो जणू त्याचंही नाव लिहून घ्यायचंय. मी टिंब दिलं. मग दहा तारीख. अंधार. तारवाला फिरतोय. दारं मिटतायत. काकू कागद हातात घेऊन गॅलरीत उभ्या, आणि मजल्यावर इंग्रजी वाचता येणारा एकच माणूस : वॉर्डन. तो कागद डोळ्यांजवळ नेतो, लांब धरतो, काही दिसत नाही. काडी ओढायला खिशात हात घालतो, आणि थांबतो, कारण काडी दिसली तर दंड करायचा असं कालच त्यानं चाळीला सांगितलेलं. गॅलरीच्या टोकाला आजींचं दार. दाराच्या फटीतून पिवळी रेघ.

त्यापुढे पानावर एवढंच होतं :

वॉर्डन : (हळू आवाजात) आजी. वात जरा वर करता?

मी पेन्सिल खाली ठेवली. मग उचलली आणि समासात लिहिलं : ‘दार आधी आतून लावून घ्यायला सांगेल का तो? वॉर्डन आहे.’