औतफाटा (भाग 7) : जू

फाळ जमिनीत जातो, रुमणे माणसाच्या हातात असते आणि सगळी ओढ येते ती जुवावर. तरीही भाषणात त्याचे नाव निघते ते शिवी दिल्यासारखे. ‘पारतंत्र्याचे जोखड’ आपण शाळेतल्या निबंधापासून झुगारत आलो आहोत.

पुण्याजवळचे मुळशी खोरे भाताचे, आंबेमोहोराचे. पावसाने खाचरे भरली की चिखलणी सुरू होते. जू म्हणजे आडवे, हलके पण चिवट लाकूड. बैलाच्या वशिंडापुढे मानेवर टेकते. मान बाहेर निसटू नये म्हणून टोकांना शिवळा, मानेखालून जोते आणि मधोमध दोराने आवळलेली नांगराची हाळीस. खरी करामत या मधल्या गाठीत आहे. एक बैल दांडगा आणि दुसरा नवा गोऱ्हा असेल, तर जाणता शेतकरी ती गाठ चार बोटे दांडग्याकडे सरकवतो. ओढ ज्याच्या जवळ, त्याच्या मानेवर भार जास्त. गोऱ्हा तेवढाच हलका चालतो. कोळप्याचे जू लांब लागते, कारण बैलांना पिकाच्या ओळी सांभाळत चालायचे असते. लहान खाचरात बांधापाशी वळायचे तर आखूडच बरे.

लाकूड खडबडीत राहिले की ओली मान सोलवटते, सुजते. याला खांदा येणे म्हणतात. मग ऐन हंगामात बैल घरी बसतो. पोळ्या-बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून हळद-तूप चोळतात, ते उगाच नाही. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो तसाच दुसरा शेतकरी गाठून वारंगुळा करतो: आज तुझे शेत, उद्या माझे. जुवाला दोन माना लागतात, त्यामुळे गरिबाला शेजाऱ्याशी वैर परवडत नाही.

अपमानाशी जुवाची सांगड फार जुनी आहे. इ. स. पू. 321 मध्ये सॅम्नाइट लोकांनी शरण आलेल्या रोमन सैन्याला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावले. आपल्याकडे मात्र धुरा, म्हणजे जूच, वाहणारा धुरीण ठरतो आणि गृह्यसूत्रांतल्या विवाहविधीत वधूच्या मस्तकावर जुवाचे छिद्र धरून त्यातून पाणी सोडतात. एकच लाकूड, पण त्याच्या वाट्याला मान आणि मानहानी दोन्ही आली.

मुळशीत हे दोन्ही अर्थ समोरासमोर आले ते 1921 साली. मुळा-निळेच्या खोऱ्यात टाटा कंपनीचे धरण होणार होते. पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवायचे आणि वीज मुंबईला न्यायची. त्याविरुद्ध रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. चळवळ 1924 पर्यंत चालली, धरण मात्र झाले. पुढाऱ्यांच्या लेखी जोखड होते इंग्रजी राज्याचे आणि त्याच्या आडोशाने येणाऱ्या भांडवलाचे. खोऱ्यातल्या मावळ्या शेतकऱ्याच्या मानेवर त्याआधीच सावकार बसलेला होता. राजेंद्र व्होरा यांच्या या सत्याग्रहावरील अभ्यासात हा पेच नीट उलगडतो: जमिनी गहाण पडलेल्या, मोबदला घ्यायला सावकार तयार आणि कसणारा मात्र जमिनीला चिकटून. खाचर पाण्याखाली गेल्यावर त्याची बैलजोडी दावणीला नुसती उभी राहिली असेल, तर त्याला जोखडातून मुक्ती म्हणायचे का? मला तरी म्हणवत नाही.

आता चिखलणीला पॉवर टिलर फिरतात. हॉटेलांतून आणि रिसॉर्टांतून दिवे लावलेली जुनी जुवे टांगलेली दिसतात, बहुतेकांच्या शिवळा गायब. शोभेला हरकत नाही, पण निदान उलटे टांगू नये.

शिवळ, जोते, हाळीस या भागांची नावे दर खोऱ्यात बदलतात. तुमच्या गावात काय म्हणतात ते घरातल्या जुन्या माणसांना विचारून, गावाच्या नावासह जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात मोट.